टाळू शिवली, कान राहिला

मुलगी सव्वातीन वर्षांची. कुटुंब भांडुपचं, मूळ गाव कणकवलीकडे. वडील कुरियरचं काम करतात, आई घरी, आजी सोबत. पालिकेच्या रुग्णालयातल्या आमच्या वाचा-श्रवण विभागात ती आली ती बोलणं कळत नाही म्हणून. ऐकण्याबद्दल घरच्यांची काहीच तक्रार नव्हती. प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीतून केसपेपरवर लिहून आलं होतं: टाळूची शस्त्रक्रिया झालेली, बोलणं नाकातून, स्पीच थेरपीसाठी पाठवत आहोत. कानाचा उल्लेख नव्हता. ओळख पटू नये म्हणून इथे काही तपशील बदलले आहेत आणि मुलीला घरच्यांसारखंच 'बाय' म्हटलं आहे.

दुभंगलेल्या टाळूची मुलं आमच्याकडे नवीन नाहीत. तरी बायचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण तिची फाइल वाचताना कोणावर बोट ठेवावं असं काही सापडत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, टाके नीट भरले, आईवडिलांनी सर्जनची एकही तारीख चुकवली नाही. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि कान कोणाच्याच कामात आला नाही. मूल तीन वर्षं अर्धवट ऐकत राहिलं.

पहिले चौदा महिने

बाय पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन 2.6 किलो. ओठ अगदी व्यवस्थित होता, त्यामुळे प्रसूतिगृहात पहिल्या दिवशी कोणाला शंकाही आली नाही. ओठ फाटलेला असला की सगळ्यांना दिसतो. नुसती टाळू दुभंगलेली असेल तर जीभ दाबून, टॉर्च मारून मागपर्यंत बघावं लागतं आणि ते पुष्कळदा राहून जातं. दुसऱ्या दिवशी दूध नाकातून येऊ लागलं, बाळ चोखून चोखून दमायला लागलं, तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी तोंड उघडून नीट पाहिलं. पडजीभ दुभंगलेली, मऊ टाळू पूर्ण उघडी, कठीण टाळूचा मागचा थोडा भागही.

घरात लगेच ग्रहणाचा विषय निघाला. सुनेने ग्रहणात विळी हातात घेतली होती, असं आजींचं म्हणणं. जगात साधारण 700 जन्मांमागे एका बाळाला ओठाची किंवा टाळूची फट असते आणि टाळूचे दोन भाग एकमेकांना जुळतात ते गर्भ जेमतेम तीन महिन्यांचा होण्याच्या आत. विळीचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे आईला डॉक्टरांनी सांगितलंही होतं. पण तिने ते मनावरून काढलं नव्हतं. आमच्याकडे पहिल्या भेटीत ती खालच्या आवाजात हेच विचारत होती. दुसरीकडे, ज्या आजींनी ग्रहण काढलं त्यांच्यामुळेच बाळ वाढलं. बाटली बाळाला ओढता येईना, तेव्हा आजींनी माळ्यावरचं बोंडलं काढलं, आईचं काढलेलं दूध त्यातून, बाळाला जवळजवळ उभं धरून, थेंबाथेंबाने पाजलं आणि मध्ये मध्ये ढेकर काढली. टाळूच्या बाळासाठी आम्ही याहून वेगळं काही शिकवत नाही.

ओठ शाबूत आणि टाळू दुभंगलेली, हा प्रकार मुलींमध्ये जास्त दिसतो. त्यासोबत दुसरं काही जन्मजात असण्याची शक्यताही ओठ-टाळू दोन्ही फाटलेल्या बाळांपेक्षा जास्त असते, म्हणून हृदय, डोळे, हनुवटीची ठेवण हे सगळं बघून घ्यायचं असतं. बायचा टूडी एको आणि डोळ्यांची तपासणी झाली होती, दोन्ही नॉर्मल. हे मुद्दाम लिहिते, कारण स्टिक्लर सिंड्रोमसारख्या काही आजारांत टाळू, डोळे आणि कानाची नस तिन्हींवर परिणाम होतो. अशा मुलाच्या कानात पाणी आहे एवढ्यावर समाधान मानलं तर नसेचा दोष तसाच राहतो.

कानांची पहिली तपासणीही झाली होती. ओएई नावाची ती तपासणी, कानात बारीक प्रोब घालून दोन-तीन मिनिटांत होते. उत्तर 'रेफर', म्हणजे पास नाही, दोन्ही कान. दीड महिन्यांनी पुन्हा केली, पुन्हा रेफर. नियमाने इथून पुढे बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूकडे नीट पोहोचतो का हे बघणारी तपासणी, व्हायला हवी होती. जगभर पाळला जाणारा साधा हिशेब असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. बेरासाठी मुंबईत सोय नाही असंही नाही. नायर रुग्णालयात आहे, वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून असलेल्या अली यावर जंग संस्थेत आहे. पण घरच्यांना सांगितलं गेलं की, टाळू उघडी आहे म्हणून कानात पाणी आहे, टाळू शिवली की कान आपोआप सुधारेल. यातलं पहिलं अर्धं वाक्य बरोबर होतं, म्हणूनच दुसऱ्या अर्ध्यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

नाकाच्या मागच्या भागातून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते, युस्टेशियन नळी. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते आणि पडद्याच्या आत हवा खेळती राहते. ती उघडणारा स्नायू टाळूचाच आहे. टाळू दुभंगलेली असली की त्या स्नायूला मधोमध धरायला जागाच नसते, तो दोन बाजूंना भलतीकडे चिकटलेला असतो. नळी उघडत नाही, आतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि मोकळ्या जागेत पाणी साठतं. महिन्यामहिन्यांनी ते पाणी घट्ट, चिकट होत जातं. पॅराडाइज, ब्लूस्टोन आणि फेल्डर या अमेरिकन डॉक्टरांनी 1969 मध्ये टाळूच्या 50 बाळांचे कान तपासून हा त्रास अशा बाळांत जवळजवळ सार्वत्रिक असतो असं मांडलं; त्यानंतरच्या अनुभवाने ते खोडलेलं नाही. टाळू शिवताना सर्जन तो स्नायू शक्यतो जागेवर आणतात, तरी नळीचं काम सुधारायला कित्येक वर्षं लागतात. काहींचं सातव्या-आठव्या वर्षी रुळावर येतं, काहींचं त्याहून उशिरा.

टाळूचं ऑपरेशन चौदाव्या महिन्यात झालं, एका ट्रस्टच्या रुग्णालयात, मोफत. आधी वजन भरत नव्हतं, मग ऐन तारखेला सर्दी-ताप, मग गावचं लग्न. साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान टाळू शिवतात, त्यामुळे याला फार उशीर म्हणता येणार नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सहाव्या आणि बाराव्या महिन्यात शिवलेल्या मुलांची तुलना केली होती. पाचव्या वर्षी बोलताना टाळू नीट न मिटण्याचं प्रमाण पहिल्या गटात 8.9 टक्के आणि दुसऱ्यात 15 टक्के होतं. लवकर केलेलं बरं, इतकं त्यातून दिसतं. पण आपल्याकडे वजन, हिमोग्लोबिन आणि भूल देणाऱ्यांचा अनुभव हे सगळं जमल्याशिवाय सहाव्या महिन्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मला खटकतं ते वेगळंच. बाळ भुलेखाली टेबलावर होतं, आणि त्या वेळी कानाच्या डॉक्टरांना बोलावून मायक्रोस्कोपखाली दोन्ही पडदे बघून घेता आले असते. डिस्चार्ज कार्डावर टाळूचं बारीकसारीक लिहिलं आहे, अगदी मऊ खिचडी किती दिवस द्यायची तेही. कानाबद्दल ओळ नाही.

थाळी आणि रिपोर्ट

ऑपरेशननंतर नाकातून दूध यायचं बंद झालं. घरच्यांच्या लेखी आजार संपला. आजींनी आपली परीक्षाही घेतली होती: बाय पाठमोरी खेळत असताना स्टीलची थाळी वाजवली, पोर गर्रकन वळली. गणपतीत ढोल वाजले की दचकायची, फटाक्यांना रडायची. "आमच्या बायेक सगळा ऐकाक येता," आजींनी मला पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं.

थाळीचा आवाज 80-90 डेसिबलच्या घरात जातो. कानात पाणी असलेल्या मुलाचं ऐकणं साधारण 25 ते 40 डेसिबलने, कधी 50 पर्यंतही कमी होतं. म्हणजे थाळी, ढोल, फटाके त्याला ऐकू येणारच. जाते ती कुजबुज, दुसऱ्या खोलीतून मारलेली हाक, 'स', 'फ', 'ह', 'क' असली हलकी व्यंजनं, शब्दाच्या शेवटी गळणारं अक्षर. मोठ्या माणसाने दोन्ही कानांत बोटं घट्ट घालून तासभर टीव्ही बघावा, म्हणजे साधारण कल्पना येते. फरक इतकाच की आपल्याला भाषा आधीपासून येते, त्यामुळे गाळलेल्या जागा आपण भरतो. बायला त्या जागांत काय असतं हेच माहीत नव्हतं.

विसाव्या महिन्यात आईच्या आग्रहावरून स्टेशनजवळच्या एका खासगी केंद्रात पुन्हा ओएई झाली. मे महिना होता, पोरीला सर्दी नव्हती. उजवा कान पास, डावा रेफर. 'एक कान चांगला आहे, काळजी नको,' असं सांगितलं आणि तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून जपून ठेवला गेला. पुढची दीड वर्षं कोणी ऐकण्याचा विषय काढला की तोच कागद बाहेर यायचा. मधल्या कानातलं पाणी कमी-जास्त होतं. उन्हाळ्यात उतरतं, पावसाळ्यात आणि थंडीच्या सर्दीत पुन्हा भरतं. मे महिन्यातल्या तपासणीवरून ऑगस्टमधलं ऐकणं कळत नाही. टाळूच्या मुलाचा एकटादुकटा चांगला रिपोर्ट मी म्हणूनच त्या दिवसापुरता धरते.

शिवाय बोलणं अस्पष्ट आहे याला एक आयतं कारण हाताशी होतंच. दुसरं एखादं मूल तीन वर्षांचं होऊन वाक्य बोलत नसेल तर कोणीतरी म्हणतं, कान दाखवा. टाळूच्या मुलाला तसं कोणी म्हणत नाही. बालवाडीच्या बाईंनी 'लक्ष देत नाही, आपल्याच नादात असते' असं सांगितलं, तेही हट्टीपणात जमा झालं.

आमच्याकडे काय दिसलं

बायला शब्द होते, पण त्यात व्यंजनं फार थोडी. 'म' आणि 'न' स्वच्छ. 'पाणी'चं 'आनी', 'पोळी'चं 'ओई', 'काका' म्हणताना घशात एक झटका आणि दोन 'आ'. वडिलांना ती 'मामा' म्हणायची. खरा मामा त्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे हाक मारली की दोघंही ओ द्यायचे. घरात ही गंमतच झाली होती. 'ब' म्हणताना ओठांमागे हवा दाबून धरावी लागते. ती नाकातून निसटली की 'ब'चा 'म' होतो. नाकाखाली छोटा आरसा धरून 'पापा' म्हणायला लावलं की आरशावर वाफ धरत होती.

इथपर्यंत सगळं टाळूच्या खात्यात बसत होतं. मग चित्रं काढली: हात-भात, गाय-पाय, पान-कान. समोर बसून नेहमीच्या आवाजात 'पाय' म्हटलं, तिने पाय दाखवला. 'भात', बरोबर. 'पान', बरोबर. आई खूश. मग मी तोंडासमोर फाइल आडवी धरली आणि तेच शब्द त्याच आवाजात म्हटले. 'पाय'ला गाय, 'भात'ला हात, पुन्हा 'भात' म्हटलं तर आधी माझ्याकडे, मग आईकडे बघितलं आणि दोन्ही चित्रांवर एकेक हात ठेवला. प्रत्येक जोडीतला एक शब्द ओठ मिटून सुरू होतो. बाय तो ऐकत नव्हती, बघत होती. आजी त्या वेळी मागच्या बाकावर होत्या. थाळीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानाचा पडदा हलतो का हे मोजणाऱ्या तपासणीत, दोन्ही कानांची रेघ सपाट आली, ज्याला आम्ही 'बी' टाइप म्हणतो. कानाच्या बाहेरच्या नळीचं माप उजवीकडे 0.5 मिली, म्हणजे पडदा अखंड आहे आणि मागे हवेऐवजी पाणी आहे. कानाच्या डॉक्टरांना दोन्ही पडदे मळकट, आत ओढलेले दिसले, उजवीकडे एक-दोन बुडबुडे. मग खेळातली ऑडिओमेट्री: हेडफोनमध्ये आवाज आला की डब्यात मणी टाकायचा. पहिल्या दिवशी ती आवाज नसतानाही मणी टाकत होती, म्हणून नुसता खेळ शिकवून घरी पाठवलं; पुढच्या भेटीत छान जमलं. उजवा कान 35 डेसिबल, डावा 45 (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी). कानामागच्या हाडावरून दिलेला आवाज मात्र दोन्हीकडे 10 च्या आत ऐकत होती. म्हणजे नस चांगली, अडथळा मधल्या कानात. आईला मी हाच भाग सगळ्यात आधी सांगितला.

काय करायचं, यावरची चर्चा

कानात पाणी दिसलं म्हणून लगेच चीर द्यायची नसते. एरवीच्या मुलांत तीन महिने वाट बघतात, बऱ्याच जणांचं आपोआप ओसरतं. बायच्या बाबतीत जन्मापासूनचे रेफर हाताशी होते, बोलणं मागे होतं, वाट आधीच पुरेशी बघून झाली होती. पर्याय दोन: कानाचं मशीन किंवा ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची बारीक नळी.

टाळूच्या मुलांना ग्रोमेट सरसकट घालावेत का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2008 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात टाळू शिवतानाच सरसकट ग्रोमेट घालू नयेत, आधी कान आणि ऐकणं नीट तपासावं असं म्हटलं होतं. ऐकणं कमीच राहत असेल तर श्रवणयंत्र किंवा त्याला पर्याय म्हणून ग्रोमेट. कारण ग्रोमेट पडल्यावर पाणी पुन्हा भरू शकतं, कान वाहू शकतो, पडद्यावर पांढरे डाग राहतात, क्वचित भोकही राहतं. मशीनला भूल लागत नाही आणि पडद्याला धक्का नाही. कागदावर मला मशीन पटत होतं. पण तीन वर्षांच्या मुलीला भांडुपच्या दमट घरात ते दिवसभर लावून ठेवायचं, बॅटरी-साचा सांभाळायचा, आणि आईने स्पष्ट सांगितलं होतं की चाळीत 'बहिरी' नाव पडलं तर ते पुढे लग्नापर्यंत जाईल. हे म्हणणं मला पटत नाही, तरी ते दुर्लक्षून दिलेलं मशीन कपाटात गेलं असतं. डॉक्टरांनाही पडदे मायक्रोस्कोपखाली नीट बघायचे होतेच. ग्रोमेट ठरलं.

याच सुमारास एका नातेवाइकाने अ‍ॅडेनॉइड काढून टाकायचा सल्ला दिला. त्यांच्या मुलाला त्याने बरं वाटलं होतं. टाळूच्या मुलात नाकाच्या मागच्या या गाठीला सहसा हात लावायचा नसतो. बोलताना टाळू मागे उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. शिवलेली टाळू आखूड पडली तर मागची अ‍ॅडेनॉइडची गादी ती उणीव थोडी भरून काढते. ती काढली की नाकातून बोलणं वाढू शकतं. कानाच्या डॉक्टरांनी हे वडिलांना चित्र काढून समजावलं आणि केसपेपरवर ठळक लिहून ठेवलं.

भूल पुन्हा द्यायची म्हणून आजी नाराज होत्या, तरी सकाळी येऊन संध्याकाळी घरी, एवढंच ते काम. पडद्याला बारीक चीर, आतलं पाणी ओढून घेतलं (डावीकडचं तर डिंकासारखं निघालं), आणि एक-दोन मिलिमीटरची प्लास्टिकची नळी दोन्हीकडे बसवली. ती साधारण सहा ते बारा महिने राहते आणि पडदा तिला आपणहून बाहेर ढकलतो.

नंतर

तिसऱ्या दिवशी आईचा फोन: मिक्सर लावला की बाय कान झाकते, काही बिघडलं का? बिघडलं नव्हतं. महिन्याभराने ऑडिओमेट्रीत दोन्ही कान 15-20 डेसिबलवर आले. टिंपॅनोमेट्रीची रेघ या वेळीही सपाटच होती, आणि इथे नवशिके फसतात. आता बाहेरच्या नळीचं माप 2 मिलीच्या पुढे गेलं होतं, म्हणजे ग्रोमेट उघडा आहे आणि यंत्र पडद्यापलीकडची जागाही मोजतंय. रेघ तीच, अर्थ उलटा. बाहेर कुठे तपासणी केलीत तर आधी ग्रोमेट असल्याचं सांगा, असं वडिलांना बजावलं.

घरात खरी अडचण तेलाची निघाली. शनिवारच्या आंघोळीआधी कानात कोमट खोबरेल, हा आजींचा शिरस्ता. ग्रोमेट असताना ते थेट मधल्या कानात जातं. ग्रोमेट नसतानाही कानात तेल घालायची गरज नाही, पण तेवढा वाद मी घातला नाही; ग्रोमेट आहे तोवर नाही, यावर तडजोड झाली. धाकट्या चुलतभावाला रोज ओव्याची धुरी दिली जायची, त्याच खोलीत. धुराने नाक-घशाची सूज वाढते. ती धुरी बाहेरच्या गॅलरीत गेली, पुढे बंद झाली.

ऐकू आलं म्हणून बोलणं सुधारलं नाही, आणि ते तसं होणार नाही हे आधीच सांगितलं होतं. घशातल्या झटक्याची सवय तोंडात बसली होती. आम्ही 'प' आणि 'म' यांतला फरक आधी कानाने ओळखायला लावला, मग ओठांवर. सुरुवातीला नाक चिमटीत धरून 'पा', मग चिमटी सोडून. घरी दिवसातून दहा मिनिटं, पण रोज. कोणीतरी फुगे फुगवायला, शंख फुंकायला सांगितलं होतं आणि वडील सिद्धिविनायकाजवळून छोटा शंख घेऊनही आले होते. फुंकताना टाळू ज्या पद्धतीने काम करते ती बोलतानाची पद्धत नव्हे. फुगे फुगवून 'प' येत नाही. शंख देवघरात ठेवला. चौथ्या महिन्यात 'पापा' स्वच्छ यायला लागलं, 'बाबा' त्याच्या मागोमाग. 'क' अजून घशातच अडतो. टाळू बोलताना पूर्ण मिटते की नाही हे नाकातून दुर्बीण घालून बघावं लागेल, आणि त्यासाठी मुलाने सांगितलेले शब्द नीट म्हणायला हवेत.

मध्येच वडिलांनी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एक दिवस खर्ची घातला. शाळा-प्रवेशाला उपयोग होईल असं कोणी सांगितलं होतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाची सुरुवातच दोन्ही कानांत 60 डेसिबलपासून होते. 40 च्या आसपासचं, उपचाराने बदलणारं ऐकणं त्यात बसत नाही, आणि दाखला नाही म्हणजे सरकारी योजनेतलं मोफत मशीनही नाही. मोफत उपचारांच्या यादीत आणि दाखल्याच्या यादीत या मुलांची जागा मधल्या फटीत आहे. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 30 आजारांच्या यादीतही फाटलेला ओठ-टाळू एका ओळीत, जन्मजात बहिरेपण दुसऱ्या ओळीत आणि मधल्या कानाचा आजार तिसऱ्याच गटात आहे. तपासणाऱ्याने पहिल्या ओळीवर खूण केली की बाकीच्या दोन्हींकडे त्याच मुलासाठी बघायला हवं, हे यादीत दिसत नाही.

बायनंतर आम्ही आमच्यापुरता एक बदल केला. टाळूच्या प्रत्येक मुलाच्या फायलीत पहिल्याच पानावर कानाचा तक्ता लावतो: जन्मानंतरची ओएई, तिसऱ्या महिन्याच्या आत बेरा, टाळू शिवण्याआधी कानाच्या डॉक्टरांची सही, शिवल्यावर तीन महिन्यांनी तपासणी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. प्लास्टिक सर्जरीची ओपीडी एका वारी, कान-नाक-घशाची दुसऱ्या वारी, आमची वेळ तिसऱ्या. भांडुपहून तीनदा हाफ डे टाकून येणं वडिलांना परवडत नाही. त्यामुळे निदान टिंपॅनोमेट्री सर्जरीच्या ओपीडीच्या दिवशीच उरकून देतो. पाच मिनिटांचं काम आहे.

दहाव्या महिन्यात, जुलैच्या सर्दीत, डावा ग्रोमेट पडला. उशीवर सापडला म्हणून आईने डबीत घालून आणला. त्या कानाची रेघ पुन्हा सपाट, माप लहान, ऐकणं 30 वर. उजवा ग्रोमेट अजून जागेवर आणि उघडा आहे, समोरासमोरचं ऐकणं चांगलं आहे, म्हणून लगेच पुन्हा भूल द्यायची नाही असं कानाच्या डॉक्टरांनी आणि आम्ही मिळून ठरवलं. बालवाडीत तिला पहिल्या रांगेत, भिंतीकडे डावा कान येईल असं बसवलं आहे. बाई नाव घेऊन, ती बघते याची खात्री करून मग सांगतात. अजून किती वर्षं हे चालणार, असं आजींनी विचारलं. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत तरी, आणि त्यानंतरही वर्षातून एकदा पडदा दाखवायचाच, कारण आत ओढलेल्या पडद्याच्या खाचेत हाड कुरतडणारी गाठ वाढण्याचा धोका या मुलांत जास्त असतो, असं त्यांना सांगितलं. डाव्या कानाची पुढची तपासणी दसऱ्यानंतर आहे. तोवर पाणी उतरलं नाही तर पुन्हा ग्रोमेट की मशीन, हे तेव्हा बघायचं. या वेळी आईने मशीन एकदा लावून बघायला हरकत नाही असं म्हटलं आहे. उजवा ग्रोमेट त्याआधी पडला तर तारखेची वाट न बघता यायचं.